बिनभिंतीच्या जेलचा बांध

मी त्या जेलमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा जेल कुठे सुरू होतं तेच मला कळलं नाही. जळगावहून धुळ्याकडे जाणारी बस हमरस्त्यावर मध्येच सोडायची, कच्च्या रस्त्याने चालत निघायचं, की डाव्या हाताला कपाशी लागायची. शेतात माणसं वेचणी करत होती. त्यांच्यातल्या एकाला मी विचारलं, "भाऊ, जेल कुठे आहे?" तो ताठ उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "तुम्ही आतच उभ्या आहात, मॅडम."

खुलं कारागृह असंच असतं. भिंत नाही, तारा नाहीत. लांब शिक्षा झालेल्या आणि बंद जेलमध्ये अनेक वर्षं नीट वागलेल्या माणसांना निवडून इथे आणतात. त्यांनी शेती करायची, गुरं सांभाळायची, संध्याकाळी गिनतीला, म्हणजे हजेरीला, उभं राहायचं आणि रात्री बराकीत झोपायचं. बदल्यात शिक्षेतून जास्त माफी मिळते आणि माणूस लवकर घरी जातो. शेताच्या कडेला बांध आहे, बांधावर चुन्याने रंगवलेले दगड आहेत. दगडाच्या पलीकडे पाय पडला की तो पळून गेला असं धरतात. मग परत बंद जेल, आणि मिळालेली माफीही जाते.

मला तिथे एका संस्थेने समुपदेशक म्हणून पाठवलं होतं. माझे वडील धरणगावला जिनिंग मिलमध्ये कापसाच्या गठाणी उचलायचे. आमच्या घरात कुणाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती आणि माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. शाळेतल्या मास्तरांनी आणि जळगावच्या कॉलेजातल्या बाईंनी हात दिला म्हणून समाजकार्याची पदवी घेता आली. त्यांचं ऋण डोक्यावर होतं, त्यामुळे आपलं काम उपयोगाचं आहे याबद्दल मला शंका नव्हती. बाकीच्यांना होती.

कैद्यांना वाटायचं मी साहेबांचा, म्हणजे जेलच्या अधीक्षकांचा, कान आहे. हवालदारांना वाटायचं मी कैद्यांना फूस लावते. मी खुर्ची घेऊन निंबाच्या झाडाखाली बसायचे, समोर एकेक माणूस यायचा आणि "सगळं ठीक आहे, मॅडम" म्हणून उठायचा. मी प्रत्येकाला सांगायचे, "तुम्ही बोलाल ते माझ्यापाशी राहील. कुणाच्या जिवाला धोका असेल तेवढंच मी पुढे सांगेन." यावर ते मान हलवायचे, आणि त्या मान हलवण्यात काडीचाही विश्वास नसायचा.

भुसावळकडचा एक कैदी होता, बोलघेवडा. एके दिवशी तो खुर्ची ओढून जवळ बसला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, किसीको बोलना नहीं. विहिरीवरच्या मोटारीच्या खोक्यामागे मी गायछाप लपवली आहे." मी ऐकून घेतलं आणि तंबाखूबद्दलच चार शब्द बोलले. पुढच्या खेपेला तो आपणहून आला. "तुम्ही सांगितलं नाही."

"काय?"

"तिथे पुडी नव्हतीच. चार दिवस आम्ही बघत होतो कोण खोका उचकटायला येतं. कोणी आलं नाही." तो हसला. मागे बसलेले दोघेतिघेही हसले. त्यांच्यातलाच एक वयस्क माणूस मात्र हसला नाही. जमिनीकडे बघत तो म्हणाला, "तंबाखू ल्हान गोष्ट हाये. मोठी गोष्ट सांगून पाह्यली पाह्यजे."

त्याला सगळे आबा म्हणत. जळगावजवळच्या असोद्याच्या पलीकडचं गाव, केळी आणि कपाशीची शेती. बांधाच्या वादात त्याच्या हातून चुलतभावाचा खून झाला होता. फावडा डोक्यात घातला होता. हे त्याने मला सांगितलं नव्हतं. ते सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि आबाही ते नाकारत नव्हता.

थंडीत तो इथे आला तेव्हा त्याला मोकळं राहणं जमत नव्हतं. यात नवल नाही, बहुतेकांचं तसंच होतं. बराकीचं दार उघडं असलं तरी तो आतल्या बाजूला उभा राहायचा, कोणी "चला" म्हणेपर्यंत. लघवीला जायचं तरी हवालदाराला विचारायचा. त्या बराकीचे हवालदार धुळ्याचे, तोंडाने फटकळ. ते म्हणायचे, "आबा, आते काय मी तुमना लेंगाना नाडा बी सोडू?" गिनतीला इथे नुसतं रांगेत उभं राहायचं असतं. आबा मात्र बंद जेलच्या सवयीने दोन पायांवर उकिडवा बसायचा आणि हात गुडघ्यांवर उपडे ठेवायचा. मी त्याच्याबरोबर रोज थोडं चालायला लागले. आधी दारापर्यंत, मग गोठ्यापर्यंत, मग शेतात. संक्रांत झाली आणि तो न विचारता दाराबाहेर पडू लागला. मला फार बरं वाटलं. मी संस्थेत सगळ्यांना सांगितलं.

मग कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, ऊन तापलं, आणि आबा जरा जास्तच बाहेर पडायला लागला.

काम संपलं की बाकीचे कैदी नळावर जायचे. आबा फावडा खांद्यावर टाकून शेताच्या टोकाला जायचा. पलीकडे गावातल्या एका शेतकऱ्याचं रान होतं. तिथे, अगदी पांढऱ्या दगडांजवळ, तो उभा राहायचा. कधी बसायचा. गिनतीची घंटा झाली की परत यायचा, कधी धापा टाकत. हवालदार मला म्हणाले, "ताई, तुमना पेशंट पयानी तयारीमा शे."

"पळायचं असतं तर कधीच पळाला असता," मी म्हणाले.

"पयनारा माणूस आधी वाट पाहस. रोज थोडं थोडं." मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "तुमले काही बोलना का तो?"

"नाही."

"नाही बोलना, का तुम्ही सांगत नही?"

पुढच्या आठवड्यात खड्डा सापडला. बांधापासून थोडा आत, कमरेला दोरी बांधून माणूस उतरेल एवढा नव्हे, पण एखादी पेटी मावेल एवढा. तो आबानेच खणला होता, दुसऱ्या कैद्यांनी पाहिलं होतं. फोन पुरला असेल, पलीकडच्या कुणी कपडे आणून टाकले असतील, असे तर्क झाले. तिघा हवालदारांनी मिळून तो आणखी खोल खणला. मातीशिवाय काही निघालं नाही. काही निघालं नाही म्हणून संशय आणखी वाढला. आबाला विचारलं तर तो म्हणाला, "माती लागत होती." कशाला लागत होती ते सांगेना.

साहेबांनी मला बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते. कैदी पळाला तर त्यांच्या नोकरीवर गदा येणार होती, आणि त्यांनी हे मला स्पष्ट सांगितलंही. "तुम्ही त्याच्याशी बोलता. सोमवारी मला ठरवायचं आहे, ठेवायचा की परत पाठवायचा. लांबलचक नको. पळेल का, एवढंच सांगा."

मी म्हणाले, "मला बोलू द्या त्याच्याशी."

"तुम्ही इतके महिने काय करत होतात?" साहेब म्हणाले.

त्याच रविवारी मुलाखतीला आबाची बायको आली. दोन बस बदलून यायची. पदरात बांधलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, घरच्या केळीची फणी. खुल्या जेलमध्ये जाळी नसते. नवरा-बायको झाडाखाली शेजारी शेजारी बसतात. ती दोघं फार बोलत नव्हती. तिने केळं सोलून त्याच्या हातात दिलं आणि तो ते हळूहळू खात होता. निघताना ती माझ्यापाशी आली.

"ताई, यायले परत भिंतीत नेणार असं बोलून राह्यले लोक. खरं हाये का?"

"अजून ठरलं नाही, अक्का."

"मी लय वर्षं जाळीतून बोलली. बोटं तेवढी लागायची एकमेकाले. इथी आल्यावर पहिल्यांदा बाजूले बसली." तिने पदर नीट केला. "आता परत जाळी आली तर मी येणार नाही. राग म्हणून नाई. मले जमणारच नाही. तुम्ही त्यायले सांगा."

"तुम्हीच सांगा ना."

"मी सांगितलं. ते म्हणे, बरं." ती दोन पावलं गेली आणि परत वळली. "असं कसं बरं म्हणते माणूस?"

मलाही तेच वाटलं. तिला बसला बसवून मी आबाकडे गेले. म्हटलं, आज मी तुमच्याबरोबर टोकापर्यंत येते. त्याने फावडा घेतला नाही. आम्ही चालत गेलो. हवालदार आमच्या मागे, हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर, ढेकळं तुडवत येत होते.

बांधापाशी आल्यावर आबा थांबला आणि बोटाने खाली दाखवलं. मला काही दिसेना. बांध होता, गवत होतं, पांढरे दगड होते. पलीकडचं रान ताजं नांगरलेलं, काळं.

"काय बघू?"

"बांध किती रुंद हाये?"

"असेल हातभर."

"त्या बाजूले पाहा."

थोडं पुढे, जिथे पलीकडच्या ट्रॅक्टरला वळायची जागा होती, तिथे बांध नुसता रेघेएवढा उरला होता. नांगराचा फाळ आत शिरल्याच्या खुणा होत्या. तिथला एक पांढरा दगड आडवा पडलेला होता, आमच्या बाजूला. जिथे आधी दगड असायचा ती जागा आता पलीकडच्या रानात होती. त्या जागी कुणी तरी माती लोटून, पायाने दाबून बांध पुन्हा उभा करायचा प्रयत्न केला होता.

"तुम्ही घातली माती?"

"तो कोरते, मी भरतो. चार दिवस झाले की परत कोरते."

"साहेबांना का नाही सांगितलं?"

तो हसला. तो हसताना मी पहिल्यांदाच पाहिला, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं. "मी? मी सांगू, बांध कोरला म्हणून?"

मग तो उकिडवा बसला आणि बोलला. इतक्या महिन्यांत बोलला नव्हता तेवढं बोलला. म्हणाला, या दगडाच्या आत असलो तर मी कैदी, बाहेर गेलो तर पळपुटा. मग दगडच सरकला तर? मी काल जिथे उभा होतो तिथेच आज उभा राहिलो, आणि दगड माझ्या अंगावरून आत गेला, तर मी बसल्या जागी पळालेला होईन. रोज गिनतीला उभं राहिलं की मनात हेच येतं. झोप लागत नाही. "बंद जेलात भिंत होती. भिंतीले कोणी कोरत नाही. साहेबाले सांगा, मले परत पाठवा. तिथी निवांत होतो."

बायकोला त्याने "बरं" का म्हटलं ते मला तेव्हा कळलं.

पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. पळणार नाही हा. उलट हद्द राखतो आहे. हे साहेबांना सांगितलं की झालं. मी उठले, दोन पावलं चालले, आणि मागे वळून पाहिलं. आबा तसाच बसलेला, नजर पलीकडच्या नांगरटीवर. मी तिथेच थांबले. कारण ज्या माणसाने बांध कोरला म्हणून फावड्याने माणूस मारला, तो रोज संध्याकाळी फावडा घेऊन एका कोरलेल्या बांधावर उभा राहत होता, आणि कोरणारा माणूस दर चार दिवसांनी पलीकडे ट्रॅक्टर घेऊन येत होता. पळून जाण्याचा संशय याच्यापुढे काहीच नव्हता. मी खरं सांगितलं तर साहेब सोमवारची वाटसुद्धा बघणार नव्हते. आणि नाही सांगितलं, आणि उद्या काही झालं, तर?

त्याने जे सांगितलं ते सगळं खरं होतं का, हेही मला ठरवता येईना. दगड अंगावरून सरकल्याची ती गोष्ट जरा जास्तच जुळून आली होती. मनाशी बरेच दिवस घोळवलेली असावी तशी.

मी परत त्याच्याजवळ जाऊन बसले. "आबा, एक विचारते. त्या पलीकडच्या माणसाला मारावं असं मनात येतं का?"

हवालदार जवळ आले, मी हाताने थांबवलं.

"येत नाही म्हणू का? म्हणतो. तुम्ही खरं मानसान का?"

"नाही."

"मग कशाले विचारता?" मातीचं एक ढेकूळ उचलून त्याने मुठीत चुरलं. "त्याचं तोंड मी पाह्यलं नाही अजून. तो आला की मी पाठ करून बसतो. तोंड पाह्यलं की भाऊ दिसीन, म्हणून."

मी म्हणाले, "मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. जिवाला धोका असेल तर पुढे सांगेन. हे मला सांगावं लागेल."

"माहीत होतं." तो हात झटकत उठला. "मोठी गोष्ट सांगून पाह्यली."

"पण मी एकटी सांगणार नाही. तुम्ही माझ्यासोबत चला. तुमच्या तोंडाने सांगा. मी शेजारी उभी राहीन."

तो येईल असं मला वाटलं नव्हतं. तो आला. साहेबांच्या खोलीत त्याने सगळं सांगितलं, बांधाचं, मातीचं, खड्ड्याचं, पाठ करून बसण्याचंही. साहेब ऐकत होते आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होते, जणू हे सगळं मीच त्याला पढवून आणलं आहे. शेवटी म्हणाले, "तूच म्हणतोस परत पाठवा?"

मी म्हणाले, "आबा, सकाळी अक्का काय म्हणाल्या ते आठवा."

"ती म्हणे येणार नाही." मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "राहू द्या मले इथी, साहेब. जमलं तर."

सोमवारी साहेबांनी पलीकडच्या शेतकऱ्याला बोलावून घेतलं. तरुण पोरगा होता, टी-शर्ट, पायात बूट. सगळे बांधावर गेलो. फावडे आधीच कोठीत जमा केले होते आणि दोन हवालदार मध्ये उभे होते. मला वाटत होतं आबाला आणायला नको होतं. साहेबांनी मुद्दाम आणलं होतं. त्यांना बघायचं होतं.

तो पोरगा म्हणाला, "साहेब, मुद्दाम नाही कोरलं. नांगर लावला की ट्रॅक्टर वळत नाही एवढ्या जागेत. जेलची जमीन कशाला खाऊ मी?"

"थोडी थोडीच खातात," हवालदार म्हणाले.

पोरगा चिडला. "ओ काका, मोजणी करा मग." आणि बोलता बोलता तो पुढे आला, हवालदाराच्या बाजूने, आबापासून हाताच्या अंतरावर. मधले हवालदार एकदम सावरून उभे राहिले. पोराला त्याचं कारण माहीत नव्हतं. तो आबालाच म्हणाला, "काय आबा, तुम्हीच सांगा, ट्रॅक्टर वळवायला जागा लागते का नाही?"

आबाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग तो खाली बसला, बंद जेलच्या गिनतीला बसायचा तसा उकिडवा, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर उपडे ठेवले, सगळ्यांना दिसतील असे. "लागते," तो म्हणाला. "वळताना मागं पाह्यत जाय, बेटा."

साहेबांनी दोरी धरायला लावली, दगड परत जागेवर बसवले, आणि पोराकडून कबूल करून घेतलं की त्या कोपऱ्यात तो ट्रॅक्टर आडवा न चालवता आधीच वळवेल. आबाला त्यांनी ठेवलं. पण शेतातून काढून गोठ्यावर टाकलं, आणि बांधाकडे जायला मनाई केली. "पावसाळा संपेपर्यंत बघू," ते मला म्हणाले. "त्याने काही केलं तर मी तुमचंही नाव घेईन." मी म्हणाले, घ्या.

हे बरोबर झालं असं मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. हवालदार अजून त्याच्यावर नजर ठेवून असतात, आणि खरं सांगायचं तर मीही असते. अक्का येतात. त्यांनी माझे आभार मानले नाहीत, मानायचं काही कारणही नाही.

परवा मी गोठ्यात गेले होते. आबा शेणाचे हात धुऊन दारात बसला होता, शेताकडे पाठ करून. मी त्याच्यासमोर तोंड करून बसले, म्हणजे मला शेताचं टोक दिसत होतं. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज येत होता, लांबून, पेरणीपूर्वीच्या मशागतीचा. आबाचं बोलणं हळूहळू तुटत गेलं. तो आवाज ऐकत होता.

"वळला का?" त्याने विचारलं.

मी पाहिलं. "वळला."

"आत आला का?"

मी पुन्हा पाहिलं. ऊन होतं, धूळ उडाली होती, पांढरे दगड त्या धुळीत दिसेनासे झाले होते. आला नाही असं म्हणणं सोपं होतं.

"इथून दिसत नाही, आबा," मी म्हणाले.

त्याची मान अर्धी वळली. मग त्याने ती परत माझ्याकडे केली.

"राहू द्या मग," तो म्हणाला, आणि म्हशीला पेंड टाकायला आत गेला.